सोजरकाकीची सहल

"वैजंते, हे पानी कुनाचं गं?"

जीपचा पडदा बाजूला सारून सोजरकाकीनं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला आणि हे विचारलं. मला हसू फुटलं. पण तिचं तरी काय चुकलं? आमच्या बार्शीकडच्या गावात पाणी म्हणजे कुणाचं तरी असतंच. विहीर अमक्याची, बोअर तमक्याची, पाइपलाइन तिसऱ्याची, आणि त्यावरून कोर्टात चाललेलं भांडण सगळ्यांचं.

"कुनाचंच न्हाई, काकी."

"एवढं पानी, आन् कुनाचंच न्हाई?" काकी बघतच राहिली. "मग हितली लोकं भांडत्यात तरी कशावरनं?"

आम्ही सहलीला आलो होतो. सहल म्हणजे पोरं शाळेतून जातात ती नव्हे. तेव्हा सरपंच थेट गावातून निवडत नसत, निवडून आलेले सदस्य आपल्यातून एकाला करायचे. आमच्या ग्रामपंचायतीत सदस्य तेरा. त्यातले सात आमच्या मालकांच्या बाजूचे, सहा विरोधी. सातातला एक जरी तिकडं गेला तर खेळ खलास. म्हणून निकाल लागला त्याच रात्री दोन जीपगाड्या आल्या आणि सातही जणांना उचलून कोकणात आणून ठेवलं. मोबाइल काढून घेतले. मतदानाच्या दिवशी थेट कचेरीच्या दारात नेऊन उतरवायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. विरोधी पक्षाचे सहा जणही असेच कुठल्या तरी देवाच्या गावी कोंडलेले असणार.

सरपंचपद त्या खेपेला बाईसाठी राखीव निघालं होतं, आणि ती बाई म्हणजे मी. उमेदवार मी, सरपंच होणार मी, पण मला हे सांगितलं ते फॉर्म भरून झाल्यावर. आमचे मालक दिगंबरराव बोलायला गोड माणूस. म्हणाले, "तुला काय करायचंय? सही करायची, झेंडा वडायचा. बाकीचं मी हाय की." म्हणजे आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं. आधीच्या सरपंचीणबाई अशाच सह्या करून करून शेवटी चौकशीला तोंड देत बसल्या होत्या, त्यांचा नवरा मात्र मिशीला पीळ देत हिंडत होता.

मला ते पद नको होतं. माझ्या भावाच्या घराला बार्शीत रस्त्याकडेची एक खोली रिकामी होती, तिथं मला शिवणाचं दुकान टाकायचं होतं. हे मी लग्नापासून म्हणत होते आणि मालक लग्नापासून हसत होते. या खेपेला मात्र रागाच्या भरात त्यांच्या तोंडून चारचौघांत शब्द गेला होता, "सरपंच झालीस तर गावची राणी. पडलीस, तर जा बार्शीला आन् बस झंपर शिवत. मी आडवनार न्हाई." चारचौघांत दिलेला शब्द ते मोडत नसत, तेवढा त्यांचा गुण होता. तेव्हापासून मी मनातल्या मनात पडण्यासाठी देव पाण्यात घालून बसले होते.

सातात आम्ही बायका तिघी. मी, शमशादभाभी आणि सोजरकाकी. काकी साठीला टेकलेली, विधवा, गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरातली. गळ्यात बोरमाळ, दारात ट्रॅक्टर, गोठ्यात बारा म्हशी. जमीन मात्र तिनं केव्हाच मुलाच्या, हणमंताच्या, नावावर करून दिली होती. वार्डातली जागा बाईसाठी राखीव निघाली म्हणून हणमंतानं आईला उभं केलं. प्रचारात भाषण त्याचं, फोटो तिचा.

निघताना तो मला म्हणाला होता, "वैनी, आईकडं तेवढं बघा." आई कुठं पडेल-धडपडेल म्हणून म्हणाला असेल असं मला वाटलं होतं.

लॉज साधंच होतं. वरच्या मजल्यावर पुरुष, पत्ते आणि मटण. खाली आम्ही. पुढच्या फाटकावर मालकांनी दोन माणसं बसवली होती. मागच्या दाराला कुणीच नव्हतं, कारण मागं समुद्र. समुद्रातून कोण पळून जाणार, असा त्यांचा हिशेब.

लॉज चालवायच्या बागवेबाई. त्याही विधवा, मालवणी बोलायच्या, आवाज खणखणीत. पहिल्या सकाळी येऊन दारात उभ्या राहिल्या आणि काकीला म्हणाल्या, "न्याहारीक काय करू?"

काकीनं मागं वळून बघितलं. मागं भिंत होती.

"तुमकाच विचारतंय मा," बागवेबाई म्हणाल्या.

"मला?" काकी गडबडली. विचारात पडली, पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली. शमशादभाभी म्हणाली, "आवं काकी, प्रश्न सोपा हाय, पास व्हशीला." तेव्हा कुठं काकी म्हणाली, "काय बी करा, पर गरम द्या. मला गरम लई दिसांत मिळालं न्हाई."

बागेत बारा गडी, घरात आल्यागेल्याची रीघ, सगळ्यांची पानं उठल्यावर काकी बसणार. एवढ्या मोठ्या घरची ही मालकीण, आणि गरम भाकरी तिच्या वाट्याला येत नव्हती. मला ते इतकी वर्षं शेजारी राहून कळलं नव्हतं. त्या दिवशी बागवेबाईंनी घावणे केले आणि तव्यावरचा एकेक थेट काकीच्या ताटात टाकला. काकी खात होती आणि आम्ही दोघी उगीचच तिच्याकडं बघत होतो.

त्या कैदेत आम्ही जसं राहिलो तसं मी आधी राहिले नव्हते आणि नंतरही नाही. उन्हं आल्यावर उठायचं. कुणाचा डबा नाही, कुणाची आंघोळीची गडबड नाही. दुपारी मागच्या दारानं समुद्रावर जायचं. शमशादभाभी बुरखा गुडघ्यापर्यंत गोळा करून लाटेत उभी राहायची आणि लाट आली की किंचाळायची. एके दिवशी काकीनं डोईवरचा पदर खाली घेतला. सगळे केस पांढरे, आणि केवढे लांब! वाऱ्यानं ते तोंडावर यायला लागले तशी ती हसायला लागली.

"पदर घ्या काकी, कुनी बघंल," मी सवयीनं म्हटलं.

"बघंना. हितं मला कोन वळखतंय? मी कुनाची आई न्हाई, कुनाची सून न्हाई, कुठल्या वार्डाची मेंबर न्हाई. हितं मी म्हंजे नुसती एक म्हातारी हाय." मग वाळूत फतकल मारून बसली आणि म्हणाली, "लई हलकं वाटतंय बग."

दुसऱ्या दिवसापासून काकी बागवेबाईंच्या स्वयंपाकघरात दिसायला लागली. तिनं त्यांना कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी शिकवली, त्यांनी तिला नारळ खवायला बसवलं. दोघींचं बोलणं एकमेकींना निम्मंच कळायचं, पण निम्म्यात त्यांचं छान भागत होतं. जेवायला दोघी समोरासमोर बसायच्या आणि एकमेकींना वाढायच्या. मला ते बघायला फार आवडायचं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी काकीनं मला हाताला धरून माडाखाली नेलं.

"वैजंते, मी माघारी येत न्हाई."

"म्हंजे?"

"हितंच ऱ्हाते. बागवेबाईला इचारलंय. ती म्हनली, ऱ्हवा म्हनून. तिला बी कोन न्हाई. दोन टायम रांधायचं, दोगींनी खायाचं. मला काय पगार-बिगार नगो."

"काकी, येड लागलंय का तुमाला? घर हाय, दार हाय, एवढं वैभव..."

"हाय की. सोनं हाय, ट्याक्टर हाय, आता मेंबरकी बी हाय. समदं हाय गं." ती समुद्राकडं बघत होती. "हणमंत वाईट न्हाई. पर त्या घरात मी आले का गेले, कुनाला कळत न्हाई. अंगठा पायजे आसला की आई आठवती."

"तो आनाय येईल तुमाला."

"कशाला? जमीन त्याच्या नावावर झाली. तू सरपंच झालीस की माजं काम संपलं. चार दिस शिव्या दील, मग म्हनंल आई भनीकडं गेली."

मी म्हटलं, "पण तुमी नसला तर मी सरपंच व्हत न्हाई, काकी. सात मतं लागत्यात."

हे तिच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. तिचा चेहरा एकदम उतरला. "व्हय की," ती म्हणाली. "मग ऱ्हाऊंदे. तुजं नुसकान करून मला सुख नगो."

मी तिला मिठी मारली. खरंच मारली, आणि आमच्यात तशी पद्धत नाही. मी तिला झंपरांचं सांगितलं, बार्शीच्या खोलीचं सांगितलं, मालकांच्या शब्दाचं सांगितलं. ती इथं राहिली तर सातातला एक गेला. सात नाहीत म्हणजे मी पडले. ती सुटली आणि तिच्यापाठोपाठ मी सुटले. एका दगडात दोन पक्षी, आणि दगड कुणाला लागायचा नाही! काकी ऐकून खुदकन हसली. आम्ही दोघी त्या माडाखाली पोरीबाळींसारख्या टाळ्या देत बसलो होतो.

मग तिनं गळ्यातली बोरमाळ काढून माझ्या हातात दिली. "हे हणमंताला दे. न्हाईतर म्हनंल सोनं घिऊन पळाली."

दुसऱ्या दिवशी निघताना आमच्या मालकांनी केवढा बंदोबस्त केला होता! जीपला जाड पडदे लावले, पुरुषांची खानेसुमारी दोनदा केली, प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला. बायकांच्या जीपपाशी मात्र ते हातभर लांब उभे राहिले. परक्याच्या बायका बसलेल्या गाडीत डोकवायचं नाही, हा त्यांचा रिवाज. बायकांना कुलुपात ठेवतील, पण मान वर करून बघणार नाहीत.

"तिगी बसल्या का?" त्यांनी रस्त्याकडं तोंड करून विचारलं.

"बसल्या," मी म्हटलं.

काकीची पिशवी आमच्या दोघींच्या मधे ठेवलेली होती. शमशादभाभीनं माझ्याकडं पाहिलं, पिशवीकडं पाहिलं, आणि तोंडावर बुरखा ओढून घेतला. "मला काय इचारू नगा," ती हळूच म्हणाली, "ह्यातनं मला निम्मंच दिसतं."

वाटेत विरोधक गाठतील या धाकानं आम्हाला कुठंही खाली उतरू दिलं नाही. घाटात चहा झाला तो पडद्याच्या फटीतून. तीन कप आले, तिन्ही रिकामे गेले. एक जास्तीचा भाभीनं घेतला.

कचेरीच्या दारात जीप थांबली तेव्हा मालक पुढं आले. आधी मी उतरले, मग भाभी. मग कुणीच उतरलं नाही. त्यांनी पडदा टराटरा ओढला.

"काकी कुठाय?"

"तुमच्या गाडीत न्हाई का?" मी म्हटलं. "मला वाटलं, तिला पुढं बसवली. तिला गाडी लागती."

मालकांचा चेहरा असा पांढरा पडलेला मी कधी पाहिला नव्हता. तेवढ्यात आतून हाक आली. वेळ झाली होती, दार बंद करणार होते. हणमंत पळत आला, "जपाय दिली व्हती" म्हणत त्याच्या हातात मी बोरमाळ ठेवली. त्यानं ती खिशात टाकली आणि विचारलं, "आन् आई?"

सभा सुरू झाली. आत फक्त बारा सदस्य आणि निवडणूक घ्यायला आलेले साहेब. खिडकीच्या गजांना धरून बाहेर मालक उभे होते. माझ्या विरोधात छबूताई. साहेब म्हणाले, मतदान हात वर करून.

छबूताईला सहा हात. मग माझं नाव घेतलं. भाभीचा हात वर गेला, चार पुरुषांचे गेले. मालक खिडकीतून माझ्याकडं बघत होते. मला मनातून इतकं मोकळं वाटत होतं! माझ्या डोळ्यांपुढं बार्शीची खोली होती, मशीन खिडकीपाशी ठेवायचं की भिंतीला, एवढाच प्रश्न उरला होता. सात नव्हते, पडायचं ठरलेलंच होतं. मग स्वतःला मत दिलं नाही म्हणून घरी जन्मभर ऐकून कशाला घ्या? दाखवायला काय जातं? मी हात वर केला.

साहेबांनी मोजले. "सहा," ते म्हणाले. "समान मतं. चिठ्ठी टाकावी लागेल."

"चिठ्ठी कसली?" मी विचारलं.

सगळे माझ्याकडं बघून हसले. छबूताईसुद्धा हसली. समान मतं पडली की चिठ्ठी काढतात, हे त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं, कारण मला सांगायची कधी कुणाला गरजच पडली नव्हती. मला फक्त सही करायची होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते दुसरं काय असतं? तो हात मांडीवर ठेवून बसले असते, तर पाच झाले असते आणि मी सुटले असते.

अंगणवाडीतली एक पोर आणली. दोन चिठ्ठ्या एका डब्यात घालून साहेबांनी डबा हलवला. मी डोळे मिटले आणि छबूताईचं नाव जपत राहिले. तिच्या नवऱ्यानंसुद्धा तेव्हा तिच्यासाठी एवढा धावा केला नसेल.

"सौ. वैजयंता दिगंबर काळदाते," साहेब म्हणाले.

बाहेर फटाके वाजले. कुणी माझ्या कपाळाला गुलाल फासला, कुणी गळ्यात हार घातला. मला रडू कोसळलं. लोक म्हणाले, आनंदानं रडतीय बिचारी. मालक आत आले, त्यांचं तोंड नुसतं फुललं होतं. पण माझ्याशी बोलायच्या आधी ते हणमंताला म्हणाले, "जीप काढ. म्हातारी लॉजवरच असनार. आत्ताच्या आत्ता निघ."

मी त्यांची बाही धरली. "आवं, आता कशाला? झाले की मी सरपंच. ऱ्हाऊंद्या तिला तिकडं."

"खुळी का काय तू?" ते मला समजावून सांगायला लागले, अगदी मायेनं. "आता तर ती जास्त लागती. सहाला सहा हाईत. एक जरी फुटला तर तुजा एक बी ठराव पास व्हनार न्हाई. तुजी खुर्ची तिच्या हातावर हाय."

"तुमी शब्द दिला व्हता..."

"पडलीस तर, म्हनलो व्हतो," ते हसत म्हणाले. "तू कुठं पडलीस?"

जीप गेली. ती परत आली तेव्हा मी माडीच्या खिडकीत उभी होते. काकी पुढच्या सीटवर हणमंताच्या शेजारी बसली होती, डोईवर पदर पुढपर्यंत ओढलेला. हणमंतानं तिला हात धरून सांभाळून उतरवलं. नंतर त्यानं तिच्यासाठी वेगळी खोली केली, दिमतीला एक बाई ठेवली, आणि बाईला ताकीद दिली की आईला एकटीला कुठं सोडायचं नाही. गावात त्याचं फार कौतुक झालं. म्हणाले, पोरगा असावा तर असा.

पहिली मासिक सभा भरली. मी मधल्या खुर्चीत. काकीला हणमंतानं दारापर्यंत आणून सोडलं. ती येऊन माझ्या उजव्या हाताला बसली. किती दिवसांनी मी तिला इतक्या जवळून बघत होते. ग्रामसेवक कागद लावत होता, तेवढ्यात मी हळूच म्हटलं, "काकी, चुकलं माझं. मला चिठ्ठीचं ठावं नव्हतं."

तिनं माझ्या हातावर हात ठेवला. तिच्या बोलण्यात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं.

"तुजं काय चुकलं गं? आपल्याला कुनी सांगतंय का काय?" ती म्हणाली. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळायला लागली. "पर तू पडली आसतीस ना वैजंते, तर मला आनाय कुनी आलं नसतं."

ग्रामसेवकानं पहिला ठराव वाचला. कशाचा होता, मला आठवत नाही, ऐकलाच नव्हता मी. वाचून झाल्यावर तो माझ्याकडं बघत थांबला. खिडकीतून मालकांनी मान हलवली.

"ठराव मंजूर हाय का?" मी विचारलं.

सगळ्यात आधी सोजरकाकीचा हात वर गेला.